लेकीने बालीहून आणलेला प्रश्न
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. माझी धाकटी लेक चार महिने इंडोनेशियातल्या बाली बेटावर शिकायला राहून आली. तिचे अनुभव सांगावेत असा तुम्हा सर्वांचा आग्रह पडला, म्हणून उभी आहे.

खरे सांगते, तिने जाऊ नये असेच मला वाटत होते. "भाताची शेती बघायला समुद्रापार कशाला?" असे मी तोडून बोलले. ती गेलीच.

तिथे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आहेत. एका पाटाचे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांचा एक संघ असतो, त्याला सुबक म्हणतात. ही रीत हजार वर्षांची. २०१२ साली युनेस्कोने ती जागतिक वारशात घेतली. पाणी कोणी कधी घ्यायचे, लावणी केव्हा, रान मोकळे केव्हा ठेवायचे, हे पाण्याच्या देवळात जमून ठरवतात.

लेकीला वाटले, ही नुसती पूजाअर्चा. तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिला समजावले. १९७० नंतर नवे बियाणे आले, जमतील तेवढी पिके घ्या असा हुकूम आला, आणि देवळाने ठरवलेली पाळी मोडली. कोणाचे शेत हिरवे, कोणाचे कापणीला. मग तुडतुडे अन् उंदीर या शेतातून त्या शेतात फिरत राहिले. सगळी राने एकदम मोकळी असली म्हणजे किडीला खायला उरत नाही. म्हणून वरच्याला कीड नको असेल, तर त्याने खालच्याला वेळेवर पाणी दिलेच पाहिजे. लान्सिंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानेही पुढे हेच दाखवून दिले.

मग म्हाताऱ्याने विचारले, "पोरी, तुमच्याकडे पाणी कसे वाटतात?" तिला उत्तर येईना. त्या रात्री तिचा फोन आला, "आई, मामाच्या गावी पाणी कसे वाटायचे गं?"

माझे माहेर पांझरेकाठचे, धुळे जिल्ह्यातले. तिथे फडाची पद्धत होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाटकरी पाळीपाळीने पाणी देई. पाट साफ करायला घरटी माणूस जाई. पुढे जो तो आपापली विहीर खोदू लागला, बोअर पाडू लागला. आमच्या पाटात गवत माजले. त्याच पाण्यावरून माझे दोघे भाऊ आज पाच वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत.

हे मी लेकीला कधी सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले. ती म्हणाली, "आई, वरचे शेत मोठ्या मामाचे ना? मग आधी त्यांच्याशी बोल."

भगिनींनो, आखाजीला मी माहेरी जाणार आहे. झोक्यावर बसण्याआधी थोरल्या भावाला विचारणार आहे, "दादा, पाट साफ करायला येतोस का? धाकट्यालाही बोलावते." तो काय म्हणेल ते देव जाणे. पण विचारायचे नक्की केले आहे.