उतारवयांतील हालचाल

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडला नदीवर दगडी घाट आहे. त्याच्या पायऱ्या उतरणें आणि पुन्हा चढून येणें तरुणाला सहज वाटतें. वृद्धाची मात्र तेथें कसोटी लागते. क्षणभर शरीराचा सर्व भार एका पायावर घ्यावयाचा, मांडीच्या बळानें तो वर उचलावयाचा आणि तोल ढळूं द्यावयाचा नाहीं.

ही शक्ति वयाबरोबर कमी होते हें खरें. पण सगळा दोष वयाच्या माथीं मारणें न्याय्य नाहीं. न वापरलेला स्नायु झिजतो. अंथरुणाला खिळलेल्या तरुणाचेही पाय थोड्याच दिवसांत बारीक होतात. वृद्धांच्या बाबतींत घरची मायाच पुष्कळदां या झिजेला हातभार लावते. "आजोबा, तुम्ही उठूं नका," असें म्हणून पाण्याचा तांब्या हातांत दिला जातो. बाजारहाट सुटतो, जिना टळतो. पुढें पडण्याचें भय उत्पन्न होतें. भयानें चालणें घटतें, आणि तें घटल्यानें पडण्याचा संभव अधिकच वाढतो.

हें चक्र उलटें फिरवितां येतें. अमेरिकेंतील बोस्टन येथें नव्वदीच्या घरांतील दहा दुर्बळ वृद्धांवर झालेला एक प्रयोग १९९० सालीं प्रसिद्ध झाला. आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम पुरा करणाऱ्यांचें पायांचें बळ सरासरीनें दुपटीहून अधिक झालें. दोघांची काठीही सुटली. आपल्याकडे औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि सत्तरीच्या वयांतही नेमानें सूर्यनमस्कार घालीत.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पासष्टी गांठलेल्यांना आठवड्यास किमान १५० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व बळ वाढविणारा व्यायाम सुचविला आहे. खुर्चीवरून हात न टेकतां उठणें-बसणें, भिंतीच्या आधारानें टांचा उचलणें, एवढ्यानेंही आरंभ होतो. हृदयविकार किंवा चक्करीचा त्रास असलेल्यांनीं मात्र आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

२०१९ सालच्या महापुरांत कुरुंदवाडच्या शिरोळ तालुक्यांतील असंख्य कुटुंबांना घरें सोडावीं लागलीं. पाणी उंबऱ्याशीं आल्यावर पायांत बळ आणतां येत नाहीं. तें आधींच कमावलेलें असावें लागतें. यासाठीं आजोबांना तांब्या नेऊन देण्याऐवजीं नातवानें त्यांच्यासमवेत माठापर्यंत चालत जावें. त्यांतही सेवा आहेच.