गोष्ट सांगते कोण?

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाची चित्रफीत काढावयाची असे ठरल्यापासून कॅमेरा कोणाचा आणि खर्च किती, एवढीच चर्चा चालू आहे. मला निराळेच विचारावयाचे आहे. ती गोष्ट सांगणार कोण?

हा प्रश्न सांगलीला नवा नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथे 'सीतास्वयंवर' केले. त्यात पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्या धोरणाने सुचेल तसे बोलत. सांगणारा रंगभूमीवर उघड उभा असे. सिनेमात तो लपतो, इतकेच. कॅमेरा कोठे ठेवला, काय गाळले, यातून तोच बोलत असतो. घडलेली हकीकत निराळी आणि सांगितलेली गोष्ट निराळी, असा भेद रशियातील अभ्यासकांनी १९२० च्या सुमारास केला. आपल्या आज्यांना तो ठाऊकच होता. कहाणी सांगताना बारा वर्षे त्या एका वाक्यात संपवीत आणि एका दुपारला घटकाभर लावीत!

आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. व्यंकटेश माडगूळकर आटपाडीकडचे. १९४९ ते १९६० पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते. त्यांची 'बनगरवाडी' १९५५ ची, आणि तिच्यावरचा अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. कादंबरीत तरुण मास्तर 'मी' म्हणून बोलतो. धनगरांची वाडी आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो. तो स्वतः कसा दिसतो, हे आपल्याला दिसत नाही. पडद्यावर मात्र कॅमेरा त्याच्याकडेही पाहू लागतो, आणि वाडीइतकाच तो पोरसवदा मास्तरही आपल्या नजरेखाली येतो. दुष्काळाचेही तसेच. पाऊस पडला नाही, एवढे शब्द लेखकाला पुरतात. पडद्यावर करपलेले रान, वाडी सोडून निघालेली माणसे दाखवावी लागतात, आणि ती किती वेळ दाखवायची हेही ठरवावे लागते. मला मात्र कादंबरी वाचताना कारभाऱ्याच्या अंजीची रुखरुख लागते. मास्तर सांगेल तेवढीच ती आपल्याला कळते. तिने सांगितली असती तर वाडी तीच, पण गोष्ट दुसरी झाली असती.

१९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला. हंसा वाडकरांनी पुढे आपल्या आत्मकथेला तेच नाव दिले. तिच्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' केला. चित्रपट उत्तम, स्मिता पाटील तर अप्रतिमच. पण पुस्तकात 'मी' म्हणणारी बाई तेथे 'ती' झाली, नावही बदलले.

आता आपल्या चित्रफितीचा मसुदा पाहा. आरंभी पाहुण्यांचे भाषण, मग हारतुरे, मग पारितोषिके. शिवणवर्ग दोन वर्षे बंद पडला होता. ती दोन वर्षे मसुद्यात नाहीतच. त्या काळात ज्यांनी यंत्रे आपल्या माजघरात ठेवून गंजू दिली नाहीत, त्या बाई आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. माझी सूचना अशी की, चित्रफितीत पहिला आवाज त्यांचा असावा. हारतुरे शेवटी घ्यावेत, वेळ उरला तर.