सातजण एकत्र आणा



 शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील महाविद्यालयांच्या या संमेलनात सकाळपासूनच्या चर्चेत एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकली. आपल्या मातीतला कबड्डीचा चांगला चढाईपटू बारावी झाला की मुंबई-ठाण्याच्या महाविद्यालयात जातो आणि वर्षभराने आपल्याच संघाविरुद्ध उभा राहतो. दोष शहरातल्या महाविद्यालयांना दिला गेला. मला हे निदान मान्य नाही. मुलगा विचार करून जातो. त्याचा विचार काय असतो, तेवढेच आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

कुमार गटात जिल्ह्याच्या संघात निवड झालेला मुलगा घरी बसून हिशेब करतो. मला रोज कोण शिकवणार? सरावाला समोर कोण असणार? शेवटी नोकरी लागणार का? या तिन्हींचे उत्तर मुंबईकडे फार जुन्या काळापासून आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला लागलेल्या कोकण-घाटावरच्या तरुणांनी तिथल्या मंडळांत कबड्डी रुजवली. १९८२च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या, पण खेळ ओसरला नाही. रेल्वे, बँका, पेट्रोलियम कंपन्या, महिंद्र यांचे संघ होते, आणि चांगल्या खेळाडूला कायम नोकरीची आशा त्याच मैदानांवर होती. त्या नोकऱ्या आता आटल्या आहेत. तरीही निवड करणारी माणसे जिथे सामने पाहायला जातात, ती मैदाने बदललेली नाहीत. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते मिळते स्पर्धेतल्या यशाच्या प्रमाणपत्रावर. म्हणून मुलगा जिंकणारा संघ शोधतो. यात त्याचे काय चुकले?

२०१४ साली प्रो कबड्डी आली आणि हिशेबात पैशाची भर पडली. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईसाठी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. ही बातमी आपल्या डोळखांबच्या आणि टोकावड्याच्या पोरांनीही मोबाइलवर वाचली. गावातून थेट तिथवर जाता येते हे त्यांना कळले, आणि त्या वाटेवर आपले महाविद्यालय कुठे दिसत नाही हेही कळले.

हे दुखणे केवळ आपले नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे लाख-लाख प्रेक्षकांची स्टेडियमे. तिथे शाळकरी मुलांना एक ते पाच तारे देऊन क्रमवारी लावणाऱ्या संस्था आहेत. पाच ताऱ्यांची मुले वर्षाला साधारण तीसेक, आणि वरच्या श्रेणीत खेळणारी महाविद्यालये १३०हून अधिक. त्या तिसांतली बहुतेक मुले मोजक्या दहा-बारा ठिकाणीच जातात. जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. आधीच बलवान असलेल्यांचे बळ त्याने आणखी वाढले. शिष्यवृत्ती, वसतिगृह, व्यायामशाळा हे सगळे हाताशी असूनही शंभरावर महाविद्यालयांची हीच तक्रार आहे. तेव्हा नुसत्या सोयी वाढवून प्रश्न सुटेल, या समजुतीत आपण राहू नये.

तरीही सोयींबद्दल बोललेच पाहिजे, कारण आपल्याकडची अडचण अमेरिकेच्या पुस्तकात सापडणार नाही. जून ते सप्टेंबर आपल्या मैदानांवर गुडघाभर चिखल असतो. प्रवेश याच महिन्यांत होतात, आणि विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही पहिल्या सत्रातच येतात. शहरातला संघ छपराखाली मॅटवर बूट घालून सराव करत असतो. आपली मुले व्हरांड्यात बैठका मारतात आणि थेट स्पर्धेच्या दिवशी मॅटवर पाय ठेवतात. मातीवर घसरून निसटणारा चढाईपटू मॅटवर अडखळतो, कारण तिथे पाय रोवला की रोवलाच जातो. त्याच्या अंगातल्या गुणाला त्यात काही कमी नसते, सवय कमी असते.

पाऊस सरला की भातकापणी येते, घरातला एकही हात सुटा राहत नाही. दिवाळीनंतर कातकरी वस्त्यांतली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, त्यांच्याबरोबर मुलीही जातात. एप्रिल-मे हे अंग कमावण्याचे महिने. त्याच महिन्यांत शहापूरच्या पाड्यांवरच्या मुली पहाटे हंडे घेऊन पाण्याला निघतात. तानसा आणि भातसा धरणे याच तालुक्यात आहेत, त्यांचे पाणी मुंबईला जाते. आणि जी मुलगी हे सगळे पार करून सायंकाळच्या सरावाला थांबते, तिची गावाकडची शेवटची एसटी सुटलेली असते. मुरबाडला तर रेल्वेही नाही. सराव साडेपाचला संपवला तर काय शिकवणार, आणि सातला संपवला तर तिने घरी जायचे कसे? मुलींचा संघ का जमत नाही, असे संस्थेच्या बैठकीत कोणी विचारले, तर एसटीचे वेळापत्रक पुढे ठेवा.

आणि शिक्षक? शारीरिक शिक्षण संचालकाचे पद रिकामे, काम तासिका तत्त्वावर, हे चित्र ग्रामीण महाविद्यालयांत नवे नाही. तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाने पहाटे पाचला मैदानावर यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तरी असे येणारे या सभागृहात बसलेले आहेत. त्यांना माझा नमस्कार.

आता शेजारच्या जिल्ह्याकडे पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळचे सावरपाडा हे गाव आपल्या पाड्यांपेक्षा वेगळे नाही. तिथली कविता राऊत २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिला घडवले नाशिकच्या विजेंद्र सिंग यांनी. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्याच अंतराचे रौप्यपदक मिळवले. या मुली मुंबईला का गेल्या नाहीत? कारण त्यांचा गुरू नाशिकला होता आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिला. पहिली मुलगी पुढे गेली, म्हणून दुसऱ्या मुलीच्या आईवडिलांनी विश्वास टाकला.

धावणे मात्र एकट्याचे असते. कबड्डीत एकटा तारा फार काळ चमकत नाही. तो बाद होऊन बाहेर बसला की त्याला जिवंत करायला पकडीचे गडी लागतात. कोपरे कच्चे असतील, साखळी तुटकी असेल, तर आपला उत्तम चढाईपटू अर्धा सामना मैदानाबाहेर बसून काढतो. हे त्यालाही ठाऊक असते. म्हणून तो बाकीचे सहाजण आधीच आहेत तिथे जातो. एकेका गुणवान मुलाच्या घरी जाऊन, फी माफ करतो म्हणून विनवण्या करून हा तिढा सुटणार नाही. तसे प्रयत्न आपण पुष्कळ केले आहेत.

माझे म्हणणे असे, की सातही एकदम घ्या. आपल्या तालुक्यांतल्या आश्रमशाळांत असे संघ तयार आहेत. ती मुले पाचवी-सहावीपासून एका वसतिगृहात राहिली आहेत, आदिवासी विकास प्रकल्पस्तरावरच्या स्पर्धा एकत्र खेळली आहेत. कोण कुठल्या क्षणी झेप घेणार हे त्यांना न बोलता कळते. ही समज कोणत्याही शहरातल्या महाविद्यालयाला विकत घेता येत नाही. बारावीनंतर हे सातजण सात दिशांना पांगतात आणि त्यातले पाच खेळ सोडतात. पांगण्याआधी त्यांना एकत्र प्रवेश द्या, एकाच जागी राहण्याची सोय करा, दोन वेळच्या जेवणाबरोबर खुराकाची व्यवस्था करा. शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांनी मिळून एक मॅट घ्यावी, ती पक्क्या छपराखाली टाकावी आणि आठवड्यातून दोनदा एकमेकांविरुद्ध खेळावे. स्पर्धेत आपण प्रतिस्पर्धी राहू, सरावात राहण्याचे कारण नाही.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे, की जिमखान्याची फी मैदानावरच खर्च होऊ द्या आणि शारीरिक शिक्षणाचे पद पूर्णवेळ भरण्यासाठी विद्यापीठाकडे व शासनाकडे एकत्र पाठपुरावा करा. एसटीच्या आगारप्रमुखांना आजच्या संमेलनाचे पत्र गेले पाहिजे, सायंकाळी साडेसातनंतर डोळखांब, किन्हवली आणि टोकावडे मार्गांवर एकेक गाडी मिळावी म्हणून. त्या पत्रावर पहिली सही मी करतो. आणि प्राचार्यांनो, बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. येत्या जानेवारीत जवळच्या आश्रमशाळेत स्वतः जा, मुलांचा सामना शेवटपर्यंत बसून पाहा आणि मैदानावरच त्यांच्या आईवडिलांशी बोला.