मिरवणुकीतले वाद्य

(जे. पी. नगर, बेंगळुरू येथील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



हीरकमहोत्सवी वर्षात मुख्याध्यापिकेने शाळेच्या यशाविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे.

वीसएक वर्षांपूर्वी, मी सहशिक्षिका असताना, स्नेहसंमेलनाच्या निवडीसाठी आठवीतला एक मुलगा बुलबुलतरंग घेऊन आला. त्याचे वडील गणपतीच्या मिरवणुकीत हेच वाद्य वाजवीत. तेथे त्याला बेंजो म्हणतात. "हे वरातीतले वाद्य, शाळेच्या रंगमंचावर शोभणार नाही. पेटीवर काही येत असेल तर सांग," असे मी म्हणाले. वाद्य कापडात गुंडाळून तो मुकाट्याने निघून गेला.

या वाद्याचे कूळ मला फार उशिरा कळले. ते मूळचे जपानचे. तेथील पारंपरिक कोतो म्हणजे तेरा तारांचे, सुमारे सहा फूट लांबीचे वाद्य. ते अंगवळणी पडायला वर्षे लागतात. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी लहानशा पेटीवर तारा ताणून स्वरांसाठी टंकलेखन यंत्रासारखी बटणे बसवली. त्याच वर्षी तैशो सम्राटाची कारकीर्द सुरू झाली होती, म्हणून नाव पडले तैशोगोतो. आपला बुलबुलतरंग त्याचाच वंशज. आणि जिचा मी आग्रह धरला, ती पेटी तरी कुठली? तीही युरोपातून आलेली. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती!

गेल्या वर्षी बेंजो पथकातले एक वयस्क वादक शाळेत शिकवायला येऊ लागले. मुलांबरोबर मीही बसते. उजव्या हातातील नखीने तारा छेडायच्या, डाव्या हाताच्या बोटांनी बटणे दाबायची. ऐकायला सोपे, पण बटण पुरते दाबले जाण्याआधी नखी फिरली, की तार नुसती खरखरते. आपल्यापैकी अनेकांची बोटे दिवसभर संगणकाच्या कळफलकावर चालतात, त्यांना कदाचित लवकर साधेल. मींड या बटणांवर मनासारखी निघत नाही, हेही मान्य केले पाहिजे. प्रार्थनेची चाल मात्र छान निघते. मुलांना ती दोन महिन्यांत आली, मला अजून अंतऱ्यात अडखळायला होते.

यंदाच्या संमेलनाचा आरंभ बुलबुलतरंगाने होईल. त्या मुलाचे नाव येथे उच्चारणे योग्य नाही, परंतु त्याच्या वर्गातले काही जण समोर बसलेले मला दिसत आहेत. कोणाची त्याच्याशी गाठभेट होत असेल, तर कृपया थांबावे. त्याच्यासाठीची निमंत्रणपत्रिका मी सोबत आणली आहे.