तुला काय वाटलं?



वस्तीतल्या बैठकीत मी बायकांना त्यांच्या बाळंतपणाविषयी विचारलं. डॉक्टर काय म्हणाले, सासू काय म्हणाली, हे सगळ्यांनी सांगितलं. "पण तुला काय वाटलं?" यावर सगळ्या गप्प. मग एक जण म्हणाली, "कळा येत होत्या तेव्हा मला उठून फिरायचं होतं. पडून राहा म्हणून बाई ओरडल्या."

तिचं चुकलं नव्हतं. गुंतागुंत नसेल तर कळांच्या वेळी बाईला हिंडू-फिरू द्यावं, तिला हवं ते माणूस सोबत असू द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे.

आणि मी? एम.एस.डब्ल्यू. झालेली, बैठका घेणारी. माझ्या सीझरच्या कागदावर नवऱ्याने सही केली. कशासाठी, हे मी विचारलंच नाही.

सीझरने जीव वाचतात, हे खरंच. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खाजगी दवाखान्यांतल्या शंभरांपैकी ४७ बाळंतपणं सीझरची होती, सरकारी दवाखान्यांत १४. एवढा फरक फक्त आपल्या शरीरांमुळे पडतो का?

आता आम्ही ठरवलंय : गरोदर बाईबरोबर तपासणीला गटातली एक जण जाईल. दोघी मिळून विचारतील. हे कशासाठी? दुसरा उपाय आहे का? थोडं थांबलं तर चालेल का?

विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. शरीर आपलं आहे, कळा आपल्या आहेत. मग उत्तर मिळण्याचा हक्कही आपलाच.