खुंटलेले पोर कोणत्या रकान्यात?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कुपोषण म्हटले की आपल्याला मेळघाट आठवतो. काळ्या जमिनीच्या आपल्या गावात त्याचे काय काम, असे वाटते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत 36 कमी वजनाची निघाली, 35 जणांची उंची खुंटलेली. एवढी मुले एकट्या मेळघाटातली नाहीत. ती आपल्याही घरातली आहेत.

आम्ही कृषी पदवीधर. आम्हीच तुम्हाला सांगत आलो, की कपाशीतले ज्वारीचे, तुरीचे तास काढा, मूग-उडीद सोडा. सलग कपाशी, सलग सोयाबीन घ्या, पैसा येईल. पैसा येतो, पण वर्षातून एकदा. आणि येतो तसा पीककर्जात, कृषी केंद्राच्या उधारीत जातो. आषाढ-श्रावणात गाठीला पैसा नाही, कणगीत दाणा नाही आणि माय दिवसभर निंदणाला. दीड वर्षाचे पोर घरी आजीजवळ, चहात बुडवलेल्या बिस्किटावर.

मोठा माणूस दोन वेळा जेवून भागवतो. पोराचे पोट मुठीएवढे. सहा महिन्यांनंतर नुसते अंगावरचे दूध पुरत नाही. नवव्या महिन्यापासून दिवसातून तीन-चार वेळा घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, वर चमचाभर तेल, जमेल तेव्हा अंडे हवे. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे भरून निघणे फार कठीण. फुलोऱ्यात ताण बसलेले पीक मागाहून पाणी दिल्याने सावरत नाही, हे तुम्हाला का सांगावे?

सरकारने काय केले? 2023 साली 14 जिल्ह्यांतल्या केशरी शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये द्यायचे ठरवले. त्यात जेमतेम किलोभर तूरडाळ!

तेव्हा तीन कामे आपणच करू. खरिपात घरापुरती ज्वारी, तूर, मूग पेरू आणि ते विकायचे नाही. निंदणाच्या दिवसांत पोराची वाटी सकाळीच वेगळी काढून आजीच्या हाती देऊ. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घेऊ. सहा महिन्यांपुढच्या पोराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठू.

उत्पादन खर्च मांडताना आपण बियाणे धरतो, खत धरतो, मजुरी धरतो. खुंटलेले पोर आजवर कोणत्याच रकान्यात धरले नाही. यापुढे भाव मागू तो हा हिशेब मांडूनच.