मतपेटी आणि इतिहास : गयाना देशाचा धडा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी एक लहानसा देश निवडला आहे. दक्षिण अमेरिकेच्या नकाशात वरच्या अंगाला व्हेनेझुएला, ब्राझील आणि सुरिनाम यांच्यामध्ये तो तुम्हाला सापडेल. त्याचे नाव गयाना. लोकसंख्या दहा लाखांच्या आत. इतक्या दूरच्या देशाशी आपले काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. तेथील लोकांत सर्वांत मोठा गट हिंदुस्थानातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांचा आहे. शिवाय मतांचा अधिकार मिळवणे आणि तो राखणे या दोन वेगळ्या गोष्टी कशा आहेत, हे या देशाने भारी किंमत देऊन शिकून घेतले आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. ब्रिटिश गयानातील उसाचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. १८३८ साली हे लोक पूर्णपणे मुक्त झाले आणि योग्य मजुरी मागू लागले. मळेवाल्यांना ते नको होते. त्याच वर्षी ५ मे रोजी 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजे कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन तेथे पोहोचली. १९१७ पर्यंत अशा रीतीने सुमारे २ लाख ३९ हजार माणसे गेली. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. एका जहाजातून आलेले लोक धर्म न पाहता एकमेकांना 'जहाजी' म्हणत आणि ते नाते पुढे सख्ख्या नात्यासारखे पाळत. परंतु आफ्रिकी मजुराला हा नवा माणूस आपली मजुरी पाडायला आणलेला दिसला. दोघेही गरीब, दोघांचाही मालक एकच. पण फट पडली ती दोघांमध्ये.

१९५० साली ही फट बुजवण्याचा मोठा प्रयत्न झाला. डॉ. छेदी जगन हे ऊसमळ्यावरील भारतीय कुटुंबातले, दंतवैद्य. फोर्ब्स बर्नहॅम हे आफ्रिकी वंशाचे, बॅरिस्टर. दोघांनी मिळून पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टी उभी केली. १९५३ च्या एप्रिलमध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली आणि २४ पैकी १८ जागा या पक्षाला मिळाल्या. हे सरकार किती दिवस टिकले? अवघे १३३ दिवस! साम्यवादी कट असल्याचे कारण सांगून चर्चिल सरकारने सैन्य पाठवले आणि राज्यघटना स्थगित केली. जगन आणि बर्नहॅम त्या वेळी एकत्र दिल्लीला येऊन पंडित नेहरूंना भेटले होते. दोनच वर्षांनी पक्ष फुटला, आणि पुढे आफ्रिकी मतदार एकीकडे, भारतीय मतदार दुसरीकडे, अशी विभागणी होत गेली.

१९६१ साली जगन पुन्हा निवडून आले. क्यूबातील क्रांतीनंतर आपल्या दाराशी दुसरा क्यूबा नको, असे अमेरिकेने ठरवले होते. १९६३ मध्ये ८० दिवसांचा सार्वत्रिक संप झाला. त्याला अमेरिकन कामगार संघटनांमार्फत पैसा पुरवला गेला आणि त्यामागे सी.आय.ए. ही गुप्तचर संस्था होती. त्यानंतर ब्रिटनने निवडणुकीची पद्धतच बदलून प्रमाणशीर प्रतिनिधित्व लादले. १९६४ च्या डिसेंबरात सर्वाधिक मते जगन यांच्याच पक्षाला, म्हणजे सुमारे ४६ टक्के, मिळाली. पण दुसऱ्या पक्षाला जोडीला घेऊन सरकार बर्नहॅम यांनी बनवले. हे केवळ आरोप नाहीत. १९६२ ते १९६८ या काळात गुप्त कारवायांवर वीस लाख डॉलरहून अधिक खर्च झाल्याचे अमेरिकन सरकारनेच २००५ साली प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांत नमूद आहे.

२६ मे १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला. पण १९६८ च्या निवडणुकीत परदेशस्थ मतदारांच्या याद्या फुगवल्या गेल्या. ब्रिटनमधील दूरचित्रवाणीच्या वार्ताहरांनी पत्ते शोधले, तेव्हा यादीतली पुष्कळ माणसे तेथे नव्हतीच! १९७३ साली मतपेट्या सैनिकांच्या ताब्यात गेल्या आणि त्या अडवणारे दोन तरुण गोळीबारात ठार झाले. १९८० मध्ये विख्यात इतिहासकार वॉल्टर रॉडनी बॉम्बस्फोटात मारले गेले. ते स्वतः आफ्रिकी वंशाचे, आणि दोन्ही समाजांच्या कामगारांना एकत्र आणू पाहत होते, हे ध्यानात ठेवा.

आता एक प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो. या सगळ्याचा दोष परकीयांचा की घरच्यांचा? परकीयाने पैसा दिला, पद्धत बदलली, हे खरेच. परंतु त्याने भिंत पाडली नाही. भिंतीला असलेल्या फटीत पहार घातली. १९६४ च्या मे महिन्यात विस्मार येथे भारतीयांची घरे जाळली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले आणि हजारोंना गाव सोडावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये डेमेरारा नदीत 'सन चॅपमन' नावाच्या बोटीवर स्फोट झाला आणि चाळिसांच्या आसपास आफ्रिकी माणसे मेली. एका घरात मुलाला फक्त विस्मार सांगितले जाते, दुसऱ्या घरात फक्त सन चॅपमन. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण अर्धा इतिहास शिकलेले मूल मोठे होते तेव्हा त्याचे मत मागायला येणाऱ्याचे काम फार सोपे होते. भीती दाखवली की झाले!

तरीही ही कथा निराशेची नाही. १९९२ च्या निवडणुकीपूर्वी विरोधकांनी एक साधी मागणी लावून धरली : मते जेथे पडतात तेथेच मोजा. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने ती मान्य झाली आणि २८ वर्षांनी जगन पुन्हा सत्तेवर आले.

या सुधारणेची खरी कसोटी २०२० साली लागली. खनिज तेल नुकतेच वाहू लागले होते, म्हणून सत्तेचे मोल वाढले होते. २ मार्चला मतदान झाले. राजधानीच्या विभागात जाहीर झालेले आकडे केंद्राकेंद्रांवरच्या मोजणीपत्रांशी जुळेनात. पण त्या पत्रांच्या प्रती सर्व पक्षांकडे होत्या आणि मतदान केंद्रांबाहेरही लावलेल्या होत्या. कॅरिबियन देशांच्या देखरेखीखाली फेरमोजणी झाली, वाद न्यायालयांत गेला, आणि पाच महिन्यांनी, २ ऑगस्टला, इरफान अली यांचा शपथविधी झाला. हे नाव ऐकून तुमच्यापैकी काहींना आनंद होईल. तो जरूर व्हावा. पण विजय नावाचा नव्हता, भिंतीवर चिकटवलेल्या त्या कागदाचा होता. उद्या दुसऱ्या समाजाचा उमेदवार जिंकला तर तोच कागद त्याचेही रक्षण करील.

त्या वेळी अमेरिकेनेही खऱ्या मोजणीचा आग्रह धरला. ज्यांनी एकेकाळी खेळ बिघडवला तेच पंच कसे झाले, त्यात तेलाचा स्वार्थ किती, असे विचारणे गैर नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक कसोटी देतो. बाहेरचा माणूस उघडपणे, सर्व पक्षांच्या डोळ्यांदेखत मोजणी पाहत असेल तर ते साहाय्य. लपूनछपून एका बाजूला पैसा देत असेल तर तो हस्तक्षेप, मग त्याचा हेतू तो कितीही उदात्त सांगो.

पालकहो, आपण मुलांना गणित आणि विज्ञानासाठी शिकवणी लावता. इतिहास मात्र 'पाठ केला की झाला' म्हणून सोडून देता. तो असा सोडू नका. घरी मूल एखादी जुनी हकीकत ऐकते तेव्हा, 'याच वेळी शेजाऱ्याच्या घरी काय घडले?' हा प्रश्न विचारायची सवय त्याला लावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, अठरा वर्षांचे व्हाल तेव्हा यादीत आपले नाव आहे की नाही ते स्वतः जाऊन पाहा, आणि मतदान केल्यावर मोजणी कशी होते तेही समजून घ्या. हे काम दुसऱ्यावर सोपवायचे नसते.

 जय हिंद.